केसरचा पोलादी खुबा

मी एक जुना पोलादी खुबा आहे. वर मोठ्या लिंबाएवढा गुळगुळीत गोळा आणि खाली वीतभर लांबीचा दांडा, एवढेच माझे रूप. थळच्या कोळीवाड्यात, केसरच्या घराच्या मागच्या खिडकीत, बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात मी राहतो. हे साल एकोणीसशे अडुसष्ट आहे. शेजारची मुले कधी कधी डबा उघडतात, मला ओटीवर गडगडवतात आणि हे काय आहे म्हणून विचारतात. मित्रांनो, आज मी सांगतो. पण गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. मी चिडलेला आहे. दोन वर्षे या डब्यात काढली तरी माझा राग ओसरलेला नाही.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. मला भट्टीत वितळवले, साच्यात ओतले आणि मग एका म्हाताऱ्या कारागिराने चार दिवस घासघासून चकचकीत केले. घासून झाले की तो मला खिडकीच्या उजेडात धरी आणि बोटाचे टोक माझ्यावरून फिरवी. केसाएवढा ओरखडा लागला तरी पुन्हा घासायला बसे. माणसाच्या शरीरात जायची वस्तू आहे, तिथे ओरखडा चालत नाही, असे तो म्हणे. त्याच्यासारखी काळजी घेणारी माणसे पुढे मला फार थोडी भेटली.

कापसात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून मला बोटीने मुंबईला पाठवले. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या काचेच्या कपाटात मी सात महिने बसून होतो. तेव्हा मला कोण गर्व! मोठे सर्जन पाहुण्यांना घेऊन येत, मला तळहातावर ठेवत आणि म्हणत, “आता हाड मोडले म्हणून कोणी लंगडा राहणार नाही.” मला ते सगळे खरे वाटे.

मग केसर आली. ती थळची कोळीण, वय अडतीस. होड्या किनाऱ्याला लागल्या की कमरेएवढ्या पाण्यात शिरायचे, मासळीची पाटी डोक्यावर घ्यायची आणि तरातरा अलिबागचा बाजार गाठायचा, हे तिचे वीस वर्षांचे काम. शिमग्याच्या आधी दोन दिवस ती शेवाळलेल्या खडकावरून घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. गावातल्या हाडवैद्याने पाला बांधला, कामट्या बांधल्या. तीन महिने ती पडून राहिली, पण हाड काही जुळले नाही. तेव्हा तिचा नवरा काळूराम याने तिला मुंबईला आणले. मोठ्या सर्जनांनी तिचे मोडके हाड काढले आणि त्या जागी मला बसवले. ते साल पंचावन्न.

मित्रांनो, शरीराच्या आत राहणे कसे असते ते तुम्हाला कळायचे नाही. तिथे उजेड नसतो, पण ऐकू सगळे येते. नारळी पौर्णिमेला केसर थळला परतली ती स्वतःच्या पायांनी. दिवाळीनंतर तिने पहिल्यांदा पाटी उचलली. पाटीचा भार तिच्या डोक्यावरून मानेवर, मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून माझ्यावर आला तेव्हा मला वाटले, यासाठीच तर तो म्हातारा चार दिवस घासत बसला होता. बाजारातल्या बायका तिला थांबवून विचारत, “केसर, लोखंड टोचत न्हाय गो?” ती म्हणे, “टोचंल कनाला? माझाच हाय तो.” माझाच म्हणाली ती मला.

संक्रांतीच्या सुमाराला मांडीला ठणका लागला. मग सूज आली, ताप आला आणि जुन्या टाक्यांच्या जागी एक भोक पडून त्यातून पू वाहू लागला. मला कारण ठाऊक होते. ऑपरेशनच्या दिवशीच थोडे जंतू आत शिरले होते आणि माझ्या आडोशाला लपले होते. हाडाला रक्त असते, मांसाला रक्त असते, त्यांना लढता येते. मला रक्त नाही. माझ्या गुळगुळीत अंगावर जंतूंनी बुळबुळीत थर चढवला, थेट त्या खडकावरच्या शेवाळासारखा, आणि त्याखाली ते सुखाने नांदू लागले. माझा पहिला राग माझ्यावरच आहे. ज्या बाईने मला आपला म्हटले तिच्याच वैऱ्यांना मी घर दिले.

पुन्हा मुंबई. पेनिसिलीनची इंजेक्शने सुरू झाली. सहा आठवडे झाले, केसरच्या कमरेची चाळण झाली, पण थराखालच्या जंतूंना त्याचे काही नव्हते. शेवटी मोठ्या सर्जनांनी हात टेकले. पलंगाशी उभे राहून त्यांनी काळूरामला सांगितले, “गोळा काढून टाकू. पाय तीन बोटे आखूड होईल, पण जीव वाचेल. काठी घेऊन चालेल ती.”

“काठी?” केसर म्हणाली. “येका हातान काठी धरली, तं पाटीला हात कंचा लावू? न पान्यात काठी घेऊन कशी शिरू?”

सर्जन तोवर पुढच्या पलंगाशी गेले होते.

त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत राही ठाकूर नावाची बाई काम करी. पेण तालुक्यातल्या भातशेती करणाऱ्या घरातली, शिकून तिथवर पोचलेली. पुवाचे नमुने न्यायला ती रोज वॉर्डात येई. केसरचे बोलणे तिने ऐकले होते. दुसऱ्या दिवशी ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, “केसरताई, जंतूंनाही रोग होतो. त्यांना खाणारा एक जीव असतो. इतका बारीक, की आमच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. पूर्वी पटकीच्या साथीत आमच्याकडे त्याचं औषध बनवत. पेनिसिलीन आलं आणि सगळे ते विसरले. तो माणसाला काही करत नाही. पण एका जातीच्या जंतूला खाणारा दुसऱ्या जातीकडे बघतसुद्धा नाही.”

“म्हंजे बोंबलाचा जाला येगला, पापलेटाचा येगला, तसाच ना?” केसर म्हणाली.

राही हसली. “अगदी तसंच. तुमच्या जंतूचं जाळं शोधायचं आहे.”

प्रयोगशाळेच्या कपाटात जुन्या बाटल्या होत्या, त्यातली एकही लागू पडली नाही. तेव्हा राहीने काळूरामला सांगितले, घाणेरडे पाणी आणा. जिथे जंतू भरपूर, तिथेच त्यांना खाणारेही असतात. काळूराम आपल्या मचव्यातून मासळी घेऊन मुंबईला येतच असे. दर खेपेला तो बाटल्या भरून आणू लागला. खाडीचे पाणी, डबक्याचे पाणी, बाजारातल्या मोरीचे पाणी. वॉर्डातल्या नर्सा नाक मुरडत आणि त्याला दारातच अडवत. नऊ बाटल्या वाया गेल्या.

दहावी बाटली त्याच्या स्वतःच्या घरामागच्या गटारातली होती. मासे धुतलेले पाणी त्या गटारात जाई आणि केसर घरी होती तोवर तिच्या पट्ट्या धुतलेले पाणीही तिथेच गेले होते. राहीने काचेच्या ताटलीत केसरचे जंतू वाढवले होते. त्यांची साय धरली होती. तिच्यावर तिने गाळलेल्या गटाराच्या पाण्याचे थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी ताटली घेऊन ती वॉर्डात धावतच आली. जिथे जिथे थेंब पडला होता तिथली साय नाहीशी झाली होती आणि स्वच्छ गोल भोके पडली होती.

मोठ्या सर्जनांनी ताटलीकडे पाहिलेदेखील नाही. “गटाराचे पाणी माझ्या वॉर्डात चालणार नाही,” ते म्हणाले. “घरी नेऊन काय करायचे ते करा. पावसाळ्यापूर्वी परत या, मी गोळा काढतो.” विलायतेहून आलेला मी त्यांना सुंदर वाटत होतो. थळहून आलेले औषध मात्र घाण. मित्रांनो, मी ते पलंगावर पडल्या पडल्या ऐकले आणि मला माझ्या चकाकीची लाज वाटली.

वैशाख लागला होता. पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढले की समुद्राची वाट बंद, म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे. राहीने औषध गाळून दहा काचेच्या कुप्या भरल्या आणि काळूरामच्या हाती दिल्या. “बर्फात ठेवा,” तिने बजावले. “जितकं गार तितकं बरं.”

आता बर्फाचे म्हणाल तर काळूरामला कोणी शिकवावे? थळच्या किनाऱ्यावर त्याच्यासारखी पेटी कोणाला भरता येत नसे. बर्फाच्या थरांवर जाडे मीठ पेरले की बर्फ आणखी कडक गार होतो आणि पापलेट दोन दिवस ताजे राहते, हे त्याला बापाने शिकवलेले. बायकोचे औषध ते! त्याने पापलेटासाठी टाकले असते त्याच्या दुप्पट मीठ टाकले. केसरला मचव्यात निजवले, पेटी तिच्या उशाशी ठेवली आणि ऊन लागू नये म्हणून वर शिडाचे कापड पसरले.

थळला राहीच्या सांगण्यावरून अलिबागच्या दवाखान्यातली नर्स आवडाबाई वाट पाहत बसली होती. रबराच्या बारीक नळीने औषध भोकातून माझ्यापर्यंत पोचवायचे काम तिचे. तिने पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. मिठाने बर्फ इतका गार झाला होता की कुप्यांतले औषध गोठून फुगले आणि काचा तडकल्या. नऊ कुप्यांचे नुसते तुकडे. सगळे औषध खाऱ्या बर्फात मिसळून गेलेले. कोपऱ्यातली एक कुपी तेवढी शाबूत होती, तिथे मीठ पोचले नव्हते.

काळूराम भिंतीशी बसला. “मीच मारला तुना,” तो म्हणाला. “माझ्या हातानी मारला.”

त्या क्षणी मी त्याच्यावर इतका चिडलो की मला पाय असते तर त्याला लाथ घातली असती. आज तो राग उरलेला नाही. राहीने गार म्हटले, गोठवू नका म्हटले नाही. आणि त्याने जीव ओतून काम केले होते. ज्याने काम केले त्याची चूक मी विसरू शकतो.

केसर मात्र पडल्या जागेवरून म्हणाली, “येक हाय ना? मंग रडतंस कनाला? जा परत.”

तो त्याच भरतीला परत गेला. सोबत ती कुपी आणि आवडाबाईने काढून दिलेला पू. राहीने आधी स्वतःच्याच डोक्यात मारून घेतले आणि मग त्याला बसवून सांगितले, “काळूरामदादा, हे औषध संपत नसतं. ते जिवंत आहे. त्याला त्याचे जंतू खायला घातले की एकाचे लाख होतात. एक कुपी पुष्कळ झाली.” चार दिवसांत तिने वीस कुप्या भरल्या. या वेळी पेटीत मीठ नव्हते. बर्फ, लाकडाचा भुसा आणि गोणपाट, आणि सबंध वाटभर काळूरामचा हात पेटीवर.

पहिले औषध माझ्या अंगावरून वाहिले तो दिवस मी विसरणार नाही. सुरुवातीला काहीच कळले नाही. चौथ्या दिवशी जंतूंचा थर जागोजागी सुटू लागला. त्यांना खाणारे जीव दिसत नव्हते, त्यांचा आवाज नव्हता, पण ते होते, आणि एका जंतूतून शंभर होऊन बाहेर पडत होते. दहाव्या दिवशी केसरचा ताप उतरला. विसाव्या दिवशी भोकातून पू आला नाही. पेनिसिलीनही चालू होते आणि थर फुटल्यावर तेही कामाला आले, हे मी नाकबूल करणार नाही. पण थर फोडला तो थळच्या गटारातल्या जिवांनी. मचवे किनाऱ्यावर ओढले त्या दिवशी केसर उभी राहून पाहत होती. माझ्यावर उभी राहून!

मुंबईला तपासणी झाली तेव्हा मोठे सर्जन म्हणाले, “शेवटी पेनिसिलीनने गुण दिला.” तेच कागदावर लिहिले गेले. राहीने आपले टिपण फाइलीला जोडले होते, ते कोणीतरी काढून ठेवले. तिने त्या औषधाच्या बियाण्याची एक नळी बंद करून बर्फाच्या कपाटात ठेवली आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘थळ. टाकू नये.’ तीन वर्षांनी तिची नागपूरला बदली झाली. जाण्यापूर्वी काळूरामला बोलावून तिने ती नळी दाखवली आणि म्हणाली, “कधी गरज लागली तर इथे आहे.”

दहा वर्षे केसरने पाट्या वाहिल्या. त्या दहा वर्षांबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग सहासष्ट सालच्या माघात तिच्या तळपायात शिंगाळा माशाचा काटा घुसला. जखम चिघळली, त्याच जुन्या जातीचे जंतू रक्तातून फिरत फिरत माझ्यापाशी आले आणि ठणका परत सुरू झाला. मोठे सर्जन निवृत्त झाले होते. नव्या डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या, त्यांचाही उपयोग होईना. काळूराम घाबरला नाही. तो सरळ प्रयोगशाळेत गेला आणि म्हणाला, “थलची नली द्या.”

कपाटात नळी नव्हती. नव्या औषधांच्या खोक्यांना जागा हवी म्हणून पाच वर्षांपूर्वी ते कपाट साफ केले होते. जुन्या नळ्यांतले सगळे मोरीत ओतले, काचा धुतल्या आणि पुन्हा वापरल्या. चिठ्ठी वाचून कोणी क्षणभर तरी थांबले का? मला नाही वाटत. थळ हे काय आहे, तेच त्यांना ठाऊक नसेल. काळूरामने एकाकडून राहीला नागपूरला पत्र लिहवून घेतले. पत्र परत आले, ती तिथून केव्हाच गेली होती.

मित्रांनो, मग त्याने काय केले असेल? तो घरी आला, मागच्या गटारात वाकला, बाटली भरली आणि मुंबईला नेऊन नव्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

“यातच हाय तो,” तो म्हणाला. “राहीबायन यातूनच काढलाता. मना काढता येत न्हाय. तुमी शिकलेले हाव, तुमी काढा.”

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी बाटलीचा वास घेतला, नर्सकडे पाहिले आणि दोघे हसले. मग नर्सने बाटली उचलून हात धुवायच्या भांड्यात रिकामी केली. काळूरामला तिने रिकामी बाटली परत दिली, तीही धुऊन.

हसू नका म्हणावे त्यांना! त्या बाटलीत केसरचा पाय होता. मी मांडीच्या आत पुवात बुडालेला होतो, मला तोंड नव्हते, नाहीतर सबंध रुग्णालय मी दणाणून सोडले असते. गटाराचे पाणी कसे गाळायचे, ताटलीवर थेंब कसा सोडायचा, भोक पडले की ते कसे वाढवायचे, हे एका बाईने एका खोलीत करून दाखवले होते. दहा वर्षांत त्यातले एक अक्षर कोणाला आठवू नये? मासळी सुकवायची कशी हे आमच्या कोळणी पिढ्यानपिढ्या विसरत नाहीत, आणि त्यांच्याकडे फाइली नसतात.

आठ दिवसांनी मला काढले. केसरने शुद्धीवर येताच मला मागून घेतले. मी स्वतःला दोन्ही बाजूंनी पाहिले, मित्रांनो. त्या म्हाताऱ्या कारागिराची चकाकी अजून तशीच होती. माझ्यात काही बिघडले नव्हते.

आता केसरचा एक पाय तीन बोटे आखूड आहे. होड्या लागतात तेव्हा ती दारात पाटावर बसून जवळा निवडते आणि बायकांचा गलका ऐकू आला की मान खाली घालते. समुद्र घरापासून दीडशे पावलांवर आहे. दोन वर्षांत तिने पाण्यात पाय बुडवलेला नाही. कोणी काठी पुढे केली तर ती म्हणते, “काठीन चालाया मी काय देवीचा डोंगर चढताव?” आणि पुन्हा जवळा निवडू लागते.

वस्तू जपा, असे सांगून आत्मवृत्त संपवायची रीत आहे. मला जपायची गरज नाही, मी न गंजणाऱ्या जातीचे पोलाद आहे. जपायचे ते शिकलेले. कोणी काही शोधून काढले तर ते लिहा, दुसऱ्याला शिकवा, आणि ज्या नळीवर ‘टाकू नये’ असे लिहिले असेल ती टाकू नका. परवाच आमच्या वाडीतल्या तुळशीला मुंबईत माझ्यासारखाच खुबा बसवला. ती हसत घरी आली. सगळ्यांनी तिचे कौतुक केले. काळूराम तेवढा उठून मागच्या गटारापाशी गेला.

खिडकीखाली ते गटार आजही वाहते. जो केसरला बरे करू शकला असता तो कदाचित त्यातच आहे, माझ्यापासून चार हातांवर. दर अमावास्येला काळूराम जुनी बाटली ओतून देतो, नवी भरतो, बूच घट्ट लावतो आणि माझ्या डब्याशेजारी ठेवतो. मग ओटीवर येऊन बसतो आणि शाळेत जाणाऱ्या तुमच्यासारख्या प्रत्येकाला थांबवून विचारतो, “शिकतंस ना? मंग ही बाटली कवा नेनार?”

मित्रांनो, मुले हसतात आणि पळतात. तुम्ही पळू नका. त्याला उत्तर द्या.